अबू अरीबच्या शेवेलची उजवी पट्टी

१२ एप्रिल २०२५, दम्माम
आजपासून लिहिणार. कुणाला दाखवायला नाही. काम पद्धतशीर व्हायचं तर नोंद पाहिजे.

काम एकच. आमच्या दुकानाचा मालक मरहूम अबू अरीब, त्याची अडुसष्ट सालची अमेरिकन गाडी, शेवेल. इंजिन ठणठणीत, रंग झकास. फक्त उजव्या अंगाला, मागच्या चाकामागे, खालची चमकती पट्टी नाही. जेमतेम हातभर तुकडा. बाकी सगळी पट्टी ओरिजिनल, कारखान्यातून आली तशी. त्या एका जागी नुसती भोकं. हसऱ्या बाईचा पुढचा दात पडावा तशी दिसते गाडी.

म्हातारा फेब्रुवारीत गेला. हॉस्पिटलात मला म्हणाला, जमाल, पट्टी शोध. त्याचा मुलगा अरीब म्हणतो, बाबा नर्सलाही तेच सांगत होते. असेल. पण मला सांगताना नजर वेगळी होती.

माझा इकामा, इथे राहायचा परवाना, जूनअखेरपर्यंत. मग फायनल एक्झिट. बायकोला, मैमुनाला, फोनवर सांगितलं, पट्टी बसवतो आणि बकरी ईदेला गावी, म्हसळ्यात हजर. नक्की. ती म्हणाली, बरं. तिचं 'बरं' हल्ली फार आखूड झालंय.

१३ एप्रिल
परवानगीचा प्रश्न. गाडी त्यांच्या व्हिलाच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये. शेडला एक दार गल्लीत उघडतं, दुसरं घराच्या आतल्या अंगणात. आतल्या दाराला आतून कडी. अरीब आता माझा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा तो मालक. त्याने दुकानात सगळ्यांना बजावलंय, आई इद्दतीत आहे (नवऱ्यामागे बाईने चार महिने दहा दिवस पाळायची ती), ती पुरी होईपर्यंत बाहेरच्या कुणी त्या बाजूला फिरकायचं नाही.

योग्यच आहे. पण मी बाहेरचा कसा? जवानी ह्यांच्या स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवर गेली. शिवाय गल्लीच्या दाराची किल्ली म्हाताऱ्यानेच मला दिलेली, आणि अरीबने ती परत मागितली नाही. न मागणं म्हणजे परवानगीच.

दुपारी दुकान बंद असतं तेव्हा जायचं. सगळं दम्माम झोपलेलं असतं. म्हातारा नि मी त्याच वेळी शेडमध्ये बसायचो.

१५ एप्रिल
गेलो. आत भट्टी. गाडीवर बोटभर धूळ. दार लावून घेतलं आणि गाडीत कुणीतरी 'टक' केलं. थोड्या वेळाने पुन्हा, टक.

पत्रा उन्हाने तापतो, ताणतो, वाजतो. फिजिक्स. मी बारावी सायन्स आहे.

लगेच परत आलो. घाबरून नव्हे, चहाची वेळ झाली होती. एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. सगळ्या गाडीवर धूळ होती, बाजूच्या सीटवर नव्हती.

१९ एप्रिल
नवी पट्टी मिळेपर्यंत जुन्या पट्ट्या चकचकीत करायचं ठरवलं. अमेरिकनांच्या एका वेबसाइटवर लिहिलंय, साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बाकी काही लावू नका. अमेरिकनांना भांडी घासायची सवय नाही, त्याला काय करणार. आमच्याकडे राख आणि नारळाचं सोडण. आईची पातेली आरशागत असायची.

राख मंदी, म्हणजे मटण-भात, विकणाऱ्या येमेनीकडून आणली. त्याने विचारलं कशाला. म्हटलं, औषध. सोडणासाठी अख्खा नारळ घ्यावा लागला. खोबऱ्याची चटणी झाली, विनय खूश. (विनय माझा रूम पार्टनर. सांगलीचा, अकाउंट्समध्ये आहे. त्याला गाड्यांतलं काही कळत नाही.)

दाराखालची पट्टी दाबून घासली. धुळीने खोकून खोकून जीव गेला. सुकली की चमकेल.

२१ एप्रिल
सुकली. चमकत नाही. वेबसाइट पुढे वाचली. ॲल्युमिनियमवर काचेसारखं एक पातळ कवच असतं, ते एकदा खरवडलं की परत येत नाही. हे त्यांनी आधी लिहायला पाहिजे होतं.

दाराची पट्टी आता हॉटेलातल्या जुन्या पातेल्याच्या बुडासारखी झाली आहे. पण तिरकं उभं राहून पाहिलं तर हाच रंग जास्त ओरिजिनल वाटतो. तरी घासणं बंद.

आणखी एक. परवा घासताना आतल्या दारापलीकडून पुटपुट ऐकू आली. बारीक आवाज. शेवटी शेवटी म्हाताऱ्याचा आवाज असाच झाला होता. कुराणातली आयतुल कुर्सी म्हटली. विश्वास म्हणून नव्हे, खबरदारी म्हणून.

२५ एप्रिल, शुक्रवार
मोठा दिवस! विनयला घेऊन अबकैकला, तिथल्या तश्लीहमध्ये. गाड्यांची स्मशानभूमीच ती. एका कोपऱ्यात हिरव्या शेवेलचा सांगाडा, चाकं नाहीत, काचा नाहीत, आणि उजव्या मागच्या अंगाला पट्टी! वाळूने घासलेली, पण सरळ, अस्सल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विनयला सांगितलं, वाळू गेली.

काढायला घरून उलथणं नेलं होतं. पातळ असतं, मागे सरकतं. विनय डिकीत डोकावून म्हणाला, जमालभाई, आत नट दिसतोय, तो आधी काढा. मी म्हटलं, तू बॅलन्स शीट बघ. उलथणं घातलं आणि ओढली.

आली. मधोमध वाकून आली. आत नट होता.

परतताना विनयने पट्टी मांडीवर घेऊन बाकाची लांबी बोटांनी मोजली. मला त्याचा हा स्वभाव आवडत नाही.

२६ एप्रिल
बाक काढायला पट्टी ओट्यावर ठेवून तिच्यावर लाटणं फिरवलं. आता दोन बाक आहेत. विनयने नवीन लाटणं आणलं आणि त्यावर त्याचं नाव घातलं.

४ मे
बाकदार पट्टी तात्पुरती बसवून पाहतोय. फडक्यात गुंडाळलेल्या हातोडीने हळूच, टक टक. पलीकडे पुटपुट सुरूच. गंमत अशी, मी ठोकलं की आवाज वाढतो. मी थांबलो की तोही थांबतो, वाट पाहिल्यासारखा.

आज कान देऊन ऐकलं. सगळं अरबीत. मजलिसचा, म्हणजे बैठकीच्या खोलीचा, एसी गळतोय. अरीब जेवायला उशिरा येतो. पेंड खजुरांना मुंग्या लागल्या. मी हातोडी खाली ठेवली. माणूस कबरीत गेला तरी एसीतून सुटत नाही! आवाज बाईमाणसासारखा वाटतो खरा, पण तिकडे गेल्यावर गळ्याचं काय होतं कुणी पाहिलंय?

ठराव: पट्टी मिळेपर्यंत म्हाताऱ्याचा आत्मा शांत होणार नाही. आता माघार नाही.

१२ मे
इंटरनेटवर अमेरिकेतला एक माणूस सापडला. त्याच्याकडे हीच पट्टी, न वापरलेली, मूळ कागदात गुंडाळलेली. मागवली. यायला वेळ लागेल. मैमुनाला सांगितलं, ईदेला जमत नाही, पण ईद झाल्या झाल्या नक्की.

ती म्हणाली, घराला रंग काढलाय, तुमची खोली खंयची करू? मी म्हटलं, कुठलीही कर. ती म्हणाली, मग पाहुण्यांचीच करतंय, तुमाला तीच सवय. आणि हसली. मीही हसलो.

लिहायचं नव्हतं, पण लिहितो. मला भुताची भीती वाटत नाही. म्हसळ्याची वाटते. इथे दुकानात कुणी शिरलं की आधी विचारतं, जमाल कुठाय? तिथे कोण विचारणार? मुलं फोनवरच्या बापाला ओळखतात. हा बाप रोज सकाळी समोर चहा मागायला बसला तर त्याचं काय करायचं, त्यांनाही कळणार नाही.

वरचं खोडायचं आहे. उद्या खोडेन.

२२ मे
अरीबने केबिनमध्ये बोलावलं. जाण्याआधी किल्ली मोज्यात सरकवली. खिसा फाटका आहे. वाटलं, किल्लीचं कळलं.

तसं नव्हतं. दार लावून तो हळू आवाजात म्हणाला, घरात काहीतरी आहे. दुपारी शेडमध्ये ठोकल्याचा आवाज येतो, कामवाल्या बाईने कानांनी ऐकलाय. आई सकाळी जाऊन गाडीत बसते आणि दुपारभर त्या दारापाशी बसून बाबांशी बोलते. म्हणते, ते ठोकून उत्तर देतात. जमाल, तू बाबांना सगळ्यांत जवळून ओळखायचास, तुला खरं वाटतं का हे?

मी ठामपणे सांगितलं, पत्रा तापतो. फिजिक्स. त्याला फार बरं वाटलं. त्याने माझा हात दाबला.

जिन्यावर आलो आणि डोक्यात उजेड पडला. पुटपुटणारी ती आहे. उम्म अरीब, अरीबची आई. म्हणजे भूत वगैरे काही नाही. केवढा दिलासा!

चार पायऱ्या उतरल्यावर कळलं की भूत आहे आणि ते मी आहे.

ठराव: उद्यापासून जाणे बंद. पूर्ण बंद. किल्ली विनयकडे ठेवायला देणार.

२३ मे
गेलो. शेवटचं म्हणून, हातोडी आणायला. ठोकलं नाही, बोनेटला टेकून नुसता बसलो. पलीकडे ती आली, टेकून बसल्याचा आवाज झाला.  मग तिने विचारलं, रागावलास का?

मला राहवलं नाही. एकदाच टक केलं. एकदाच.

१ जून
रोज जातोय. हे आता पट्टीचं काम नाही, माणुसकीचं आहे. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. हे तिने ठरवलं, मी नाही.

आज तिने विचारलं, मजलिसचा गालिचा काल मुलीला दिला, ठीक केलं ना? गालिचा इराणी आहे, उत्तम आहे, मजलिस उघडी पडेल. मी दोन ठोकले. संध्याकाळी अरीब दुकानात कपाळाला हात लावून बसला होता. म्हणाला, काल दिलेला गालिचा आईने परत मागवला.

निर्णय योग्यच होता. ह्या घराला माझी गरज आहे. इकामा वाढवण्याबद्दल अरीबशी योग्य वेळी बोलायचं.

७ जून
काल ईद झाली. मैमुनाला सांगितलं होतं, तिकीट मिळत नाही. माझ्या मुलाने, तल्हाने, तिकडून तिकिटं शिल्लक दिसणाऱ्या पानाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, Okay Abba, whenever. रागावला असता तर बरं झालं असतं.

१२ जून
पट्टी आली! दुकानाच्याच पत्त्यावर. कागद उलगडला. तोंड दिसतं तिच्यात. एक ओरखडा नाही, एक बाक नाही. काउंटरवर सगळे जमा झाले. आत नट असतो हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं.

अरीबही आला. पट्टी हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, जमाल, उशीर झाला. आईची इद्दत पुरी झाली, तशी आज सकाळीच गाडी ट्रकवर चढवली. खमीस मुशैतच्या एका शौकिनाला दिली. आईची तब्येत ठीक नाही, दिवसभर त्या गाडीशी बोलते, आणखी किती दिवस चालू द्यायचं?

मी म्हटलं, बरोबर केलंत.

मग त्याने गल्लीच्या दाराची किल्ली मागितली. सहज मागितली, माझ्याकडे न बघता. दिली.

१३ जून
पट्टी पलंगाखाली आहे. खमीस मुशैतवाल्याला पाठवावी, असं विनय म्हणतो. त्याचं बरोबर आहे. पत्ता घ्यायचाय.

दुपारी झोप येत नाही. त्या बाईने आज काय केलं असेल? दारापाशी बसली असेल, काही विचारलं असेल, आणि पलीकडून काहीच नाही. गाडी गेली ह्याचं नाही, ह्याचं मला रडू आलं.

१४ जून
दुपारी गेलो. पट्टी घेऊन गेलो, का ते सांगता येत नाही. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शेडच्या दारापाशी उभा राहिलो आणि पट्टीच्या टोकाने पत्र्यावर एक टक केलं. आपण आहोत एवढं तिला कळावं म्हणून.

दाराला लागूनच आवाज आला. ती रिकाम्या शेडमध्ये आली होती. तिने अरबीत हाक मारली, या जमाल, म्हणजे अरे जमाल.

मी पट्टी पाठीमागे लपवली.

म्हणाली, पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुझा खोकला गल्लीच्या टोकापर्यंत जातो. मुलांना वाटलं आईचं डोकं फिरलं. वाटू दे. अबू अरीब आयुष्यात कधी इतका वेळ माझं ऐकत बसला नाही. पलीकडे कुणी हलतंय म्हटल्यावर गेलेल्या नवऱ्याशी बोलणं सोपं गेलं. अल्लाह तुझं भलं करो. पण गालिच्यातलं तुला काय कळतं? मुलगी दोन दिवस रडली.



मग म्हणाली, आता खलास. तुझ्या घरी बायको आहे ना, जिवंत?

मी पट्टीने पत्र्यावर एक टक केलं.

ती म्हणाली, तोंडाने सांग.

उन्हात उभं राहून मी हो म्हणायला गेलो. खोकलाच आला.