लाल भाताची शितं

शहापूर,
बुधवार, ४ मार्च १९९८

तीर्थरूप मामा,

गिरजाचा नमस्कार. मी बरी आहे. तुझा खोकला कमी झाला का? मामीचा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली असेल एव्हाना, रेडा झाला की रेडी ते कुणी कळवलं नाही. इथे ऊन आत्तापासूनच तापायला लागलंय. हॉस्टेलच्या विहिरीचं पाणी खाली गेलंय, आणि बाळी नावाची माझी खोलीतली मैत्रीण रोज माझ्या वाटणीची बादलीसुद्धा ओढून आणते. का आणते ते पुढे कळेल.

पत्राच्या सुरुवातीला मी दर वेळी ‘जेवलास का’ असं विचारते. तुझी सारिका सांगायची, की पत्र वाचून दाखवताना तिथे तू तिला थांबवतोस, ‘जेवलो गो’ असं मोठ्याने म्हणतोस आणि मगच पुढचं वाचायला सांगतोस. या वेळी मी ते विचारलेलं नाही. विसरले म्हणून नव्हे.

सारिका, आपल्या घरात वाचता येतं ते तुला एकटीला, म्हणजे हे तूच वाचते आहेस. तर ऐक. मामीला हाक मार, चूल राहू दे थोडा वेळ. तिला मामाशेजारी बसव आणि यातलं एक अक्षर न गाळता वाच. काही ठिकाणी तुझं नाव येईल. तेही वाच.

मामा, आमच्या कोर्सला या वर्षी मेडिकल-सर्जिकल हा सगळ्यात मोठा विषय आहे. आजारी माणसाची आणि ऑपरेशनच्या माणसाची काळजी कशी घ्यायची, हे सगळं त्यात येतं. मुली त्याला घाबरतात. मला तोच आवडला. जखम धुताना आतून बाहेर जायचं, पट्टी बांधताना खालून वर जायचं, अशा गोष्टी हाताला एकदा समजल्या की तो विसरत नाही. दिवाळीत घरी आले होते तेव्हा तुझ्या डोक्याला मी टोपीसारखी पट्टी बांधली, आणि तू ती न सोडता टोकावड्याच्या बाजारात फिरून आलास. निम्म्या बाजाराला वाटलं तुला कुणी मारलं. ‘आमची शिष्टर परीक्षेचा अभ्यास करते,’ असं तू ज्याला त्याला सांगत होतास. घरी येऊन हसताना तुझा तो जांघेतला गोळा दुखला आणि तू पोट धरून खाली बसलास. तेव्हा मी पहिल्यांदा हात लावून पाहिलं आणि म्हटलं, हा अंतर्गळ आहे, याचं ऑपरेशन करायलाच हवं.

तू ऐकत नव्हतास. माझा आजा, म्हणजे तुझा बाप, मुरबाडला नेताना वाटेत गेला. त्याच्या पोटात दोन दिवस अन्न नव्हतं. आमचा बा उपाशी गेला, उपाशी गेलेल्याचा जीव भाताच्या टोपाभोवती फिरतो, हे तू मला लहानपणापासून सांगत आलास. अजून तू जेवायला बसलास की पहिला घास त्याच्या नावाने बाजूला काढतोस. मला हे सगळं माहीत होतं. म्हणून मी तुला बसवून समजावलं, की भूल दिली की पोटातलं वर येतं आणि श्वासाच्या नळीत उतरतं, माणूस आपल्याच जेवणात बुडतो. म्हणून आदल्या रात्रीनंतर काही खायचं नाही. तू मान डोलावलीस. सारिका तिथेच होती. तिलाही नर्सिंगला यायचं आहे ना, म्हणून मी तिच्याकडून ते परत म्हणवून घेतलं. तिने एकदम बरोबर सांगितलं होतं.

आता ऑपरेशनच्या त्या सोमवारचं.

मामी आदल्या दिवसापासून इथे हॉस्पिटलात तुझ्याजवळ होती. सारिका सकाळी गावाहून एस.टी.ने आली, हातात फडक्यात बांधलेला डबा. मी विचारलं, हा कशाला? ती म्हणाली, आयेसाठी हाय. मला बरंच वाटलं, मामीने काल धड काही खाल्लं नव्हतं. मग मामी नळावर आंघोळीला गेली आणि मला आमच्या ट्यूटर बाईंनी हत्यारांचे ट्रे लावायला थिएटरमध्ये बोलावलं. तुझ्याजवळ सारिका राहिली.

परत आले ते तुझ्या कागदावर लिहायला. ऑपरेशनच्या आधी हे लिहावंच लागतं, आणि ते काम त्या दिवशी माझं होतं. मी सारिकाला विचारलं, मामाने काही घेतलं का? ती म्हणाली, “नाय गो, पाणी पन नाय दिला.” मग मी तुला विचारलं. रोज विचारते तसंच विचारलं, जेवलास का मामा? आणि तू हसलास.

“तूच उपाशी ठेवतेस, आनि तूच इचारतेस?”

मीही हसले. कागदावर लिहिलं, की रात्रीपासून तोंडाने काही नाही. खाली माझं नाव लिहिलं. मामा, तू खोटं बोलला नाहीस, हे मला खूप नंतर लक्षात आलं. तू फक्त हो किंवा नाही म्हणाला नाहीस. मला माझ्याच मायेत गुंडाळून बाजूला ठेवलंस.

थिएटरमध्ये मी तुझ्या डोक्याशी उभी होते. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचा बेत होता, पण ते नीट लागलं नाही, म्हणून डॉक्टरांनी पूर्ण भूल द्यायचं ठरवलं. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, पोट रिकामं आहे ना? मी म्हटलं, हो सर, माझे मामा आहेत. जणू तेवढं पुरेसं होतं. पुढचं तुला आठवत नाही, तू झोपेत होतास. तुझा चेहरा जांभळा पडला. सगळे धावले, तुला कुशीवर वळवलं, नळीने घशातलं ओढून काढायला लागले. ट्रे माझ्या हातात होता. त्यात काय आलं ते मी पाहिलं.

लाल भाताची शितं, आणि सुकट.

हॉस्पिटलच्या खाणावळीत पांढरा भात असतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, मी शितावरून घर ओळखलं. आपल्या खाचरातला भात, मामीच्या रीतीची सुकट, लसूण चेचून घातलेली. हॉस्टेलमध्ये त्या वासासाठी मी कितीदा रडले होते. त्या दिवसापासून मला सुकटीचा वास सोसत नाही, एवढं मात्र तुम्ही दोघांनी माझं कायमचं घेतलंत.

ऑपरेशन तसंच राहिलं. तुला ऑक्सिजन लावला आणि मी बाहेर आले, तर मामी पायरीवर बसून रडत होती. मला जवळ घेऊन ती म्हणाली, “तू तरी जेवलीस ना गो सकाळी? डबा रिकामा हाय.” तिचा स्वतःचा सोमवारचा उपास होता. तू बाहेर येईपर्यंत पाणीसुद्धा घेणार नव्हती. सारिकाला हे माहीत होतं. आईसाठी म्हणून आणलेला डबा त्या आईला खायचाच नव्हता. आणि डबा कुणी रिकामा केला असं मामीने विचारलं, तेव्हा सारिकाने माझं नाव सांगितलं.

मामी, तुला हे आजवर कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते, तो डबा मी उघडलाही नव्हता. काळूराम कंडक्टर परवा इथे भेटला. विहिरीवर तू काय बोलतेस ते त्याने मला सांगितलं, की आपली पोर हॉस्पिटलात असून तिनेच आपल्या माणसाला मरायला घातला. तुझ्यावर माझा राग नाही. तुला जे सांगितलं गेलं त्यावर तू विश्वास ठेवलास. मीही तेच केलं होतं.

सारिका, थांबू नकोस. वाच.

तू डबा आणलास याचा मला तितका राग नाही. मामाने मागितला असणार, गावाहून निघताना निरोप आला असणार, आणि बापाने घास मागितला तर कुठली मुलगी नाही म्हणेल? मी तुझ्या जागी असते तर मलाही नाही म्हणवलं नसतं. पण मी तुला विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यात बघून नाय म्हणालीस. तेव्हा खरं बोलली असतीस तर ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं असतं, एवढंच. तुझ्या बापाच्या जिवाची किंमत तुला ठाऊक होती, तू ती मला पाठ म्हणून दाखवली होतीस. आणि हॉस्पिटलने चौकशी केली त्या दिवशी वॉर्डमधल्या कुणीतरी पोलीस केस होईल म्हणून तुला घाबरवलं, तर तू ट्यूटर बाईंना सांगितलंस, “ताईनंच सांगितला, थोडा खाल्ला तर चालतो.”

मी तिच्याकडे बघितलंच नाही, मामा. मी तुझ्याकडे बघत होते म्हणण्यापेक्षा, तुझ्याकडे धावले मनाने. तू तोपर्यंत बोलायला लागला होतास. नाकातली नळी काढली होती, सकाळी पेज मागून प्यायला होतास. माझी आई गेली तेव्हा मला पाठुंगळी मारून सिद्धगडाच्या अंगाच्या त्या वाडीतून तू खाली आणलंस. शाळेत घालताना मास्तरांनी बापाचं नाव विचारलं, तर तू आधी आपलं सांगितलंस आणि मग दुरुस्त केलंस. मला वाटलं, आता हा बोलेल. ट्यूटर बाईही तुझ्याकडे वळल्या होत्या. तू डोळे उघडलेस, माझ्याकडे पाहिलंस, आणि भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळलास.

हे मला इतके दिवस लिहिता येत नव्हतं. डबा, भात, सारिका, हे सगळं मी लिहू शकत होते. तुझी ती पाठ लिहिता येत नव्हती. ऑपरेशननंतर कुशीवर कसं वळायचं, टाक्यांवर ताण न येता, तेही मीच तुला आधी शिकवून ठेवलं होतं.

त्यानंतर मला वॉर्डमध्ये पाऊल टाकू देत नाहीत. बाकीच्या मुली ड्यूटीला जातात, मी खोलीत बसते, म्हणून बाळीला माझी दया येते आणि ती माझं पाणी भरते. सोमवारपासून आमची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. ट्यूटर बाई वाईट नाहीत. त्यांनी मला बोलावून सांगितलं, तुझ्या लोकांपैकी कुणीतरी येऊन माझ्यासमोर खरं काय ते सांगू दे, मी तुला परीक्षेला बसवते. नाहीतर रोग्याबद्दल खोटं लिहिणारी मुलगी म्हणून तुला काढावं लागेल, आणि मग कुठलंच हॉस्पिटल तुला उभं करणार नाही. ती शितं आपल्या घरच्या भाताची होती, ही गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही. माझ्या तोंडून तुझ्याविरुद्ध ती निघत नाही. तुझ्या तोंडून निघाली तर ती कबुली होईल, माझ्या तोंडून चहाडी.

आता माझं एक ऐक, हे भाचीचं नाही, वॉर्डचं आहे. तुझा अंतर्गळ तसाच आहे. लाकडाची मोळी उचलू नकोस, शिमग्याला होळीचं झाड ओढायला पुढे होऊ नकोस. गोळा कडक झाला, आत जाईनासा झाला आणि उलट्या सुरू झाल्या, तर भगताकडे न जाता पहिल्या गाडीने इकडे ये. आणि येताना उपाशी ये.

पत्र काळूरामच्या हाती देते, त्याची गाडी उद्या टोकावड्याला मुक्कामाला आहे. सोमवारी सकाळची पहिली गाडी मुरबाडवरून इथे परीक्षेआधी पोचते. मी फाटकाशी उभी राहीन, पांढऱ्या गणवेशात. तो घालायची मला सध्या परवानगी नाही, पण त्या दिवशी घालणार आहे.

तुला फार बोलावं लागणार नाही. सुरुवातीला विचारायचं राहिलं होतं ते मी आता विचारते, आणि या वेळी सारिकाजवळ उत्तर देऊ नकोस, बाईंसमोर दे.

मामा, त्या सकाळी तू जेवला होतास का?

तुझी, अजून तरी तुझीच,
गिरजा