खंडेनवमीला घासलेलं इंजिन

खुटबाव, ता. दौंड
कार्तिक वद्य पंचमी, सोमवार

तीर्थस्वरूप बापूदादा यांना,

धाकट्या सारिकाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

रोहिदासच्या तरकारीच्या टेम्पोतून पाठवलेलं सामान परवा पोचलं, ते असं : कांदे अर्धी गोणी (वरचे चांगले, खालचे कोंब आलेले, पण भाजीत कोंबही चालतात), गुळाची ढेप एक, आमचा चिवड्याचा डबा एक (रिकामा परत), आणि इंजिन ऑइलचा तीन लिटरचा कॅन एक. कॅनवरची किंमत सुलक्षणा वहिनींनी नखानं खरवडली आहे, तरी उजेडात धरल्यावर अकराशे चाळीस दिसते. रोहिदासनं भाड्याचे ऐंशी घेतले, वर चहा घेतला आणि कांद्यांतले दोन कांदे परत नेले. तुमची तब्येत, वहिनींचे गुडघे आणि खालच्या मळ्यातली शेवंती कशी आहे ते कळवावं. इकडे भैरवनाथाच्या कृपेनं सगळे ठीक आहेत. गाडी सोडून.

पत्राला कारण की, गेल्या वर्षी भाऊबीजेला तुम्ही ओवाळणीत घातलेली पांढरी गाडी येत्या रविवारी भंगारात द्यायची असं इथं ठरलं आहे. ठरलं म्हणजे ह्यांनी ठरवलं आहे. गाडीचं पुस्तक अजून तुमच्याच नावावर आहे (नाव बदलायला दौंडचा एजंट दीड हजार मागत होता, तेव्हा मीच म्हटलं, भाऊ काय परका आहे का), म्हणून तुमच्या सहीशिवाय भंगारवाला गाडीला हात लावायला तयार नाही. सोबत फॉर्म आहे. पेन्सिलीनं फुल्या केल्यात तिथं सह्या करून, तिकीट लावलेलं पाकीटही ठेवलंय, त्यातून पाठवावा. फोनवर हे बोलता आलं असतं, पण फोनवर तुम्ही प्रत्येक गोष्टीला 'बघू' म्हणता आणि हे स्पीकर लावून ऐकतात, तेव्हा लेखी बरं. पाकीट डकवण्याआधी हे पत्र हे वाचणार आहेत, म्हणून जसं झालं तसंच लिहिते.

गाडीनं तुमच्याकडं सतरा वर्षं काढली आणि एक लाख ऐंशी हजार किलोमीटर पळाली, हे तुम्ही ज्याला त्याला सांगता. तीत मेथी गेली, शेळी गेली, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एका बाजूची माणसं गेली आणि येताना दुसऱ्या बाजूची आली. गाडी कधी थांबली नाही. देताना तुम्ही मला चिंचेखाली बाजूला घेऊन म्हणालात, "सारू, वरून धू, पूस, हार घाल. पण बॉनेट उघडून आत हात घालू नको." मला वाटलं, भावाला बहिणीच्या बोटांची काळजी. तेव्हाच डोळ्यांत बघून बोलला असतात तर पुढचं सगळं टळलं असतं.

खंडेनवमीला आमच्याकडं विळे, खुरपी, विहिरीवरची मोटर आणि ह्यांची मोटारसायकल (आमच्या लग्नाआधीची, म्हणजे घरात माझ्यापेक्षा वडील) सगळ्यांची पूजा असते. यंदा गाडीची पहिलीच खंडेनवमी. हळदकुंकवाचा करंडा घेऊन मी बॉनेट उघडलं. दादा, आत जे होतं त्याला इंजिन म्हणायला माझी जीभ रेटेना. बोटभर जाडीचा काळा लगदा, त्यात कडब्याची कुसळं, चिमणीचं पीस आणि एक अर्धी विडी. (विडी सोडून बारा वर्षं झाली असं तुम्ही वहिनींना सांगता. विडी एवढी जुनी दिसत नव्हती. पण तो विषय आज नको.) असल्या अंगाला हळदकुंकू कसं लावायचं? आपल्या आईनं मला देवाची उपकरणी घासायला शिकवली, तुम्हाला नाही शिकवलं. सकाळी आठला बसले. आधी पंपावरचं अर्धा लिटर डिझेल, मग चुलीतली राख, मग चिंचेचा कोळ, मग रिठ्याचं पाणी, आणि सांदीकोपऱ्यांना ह्यांचा दात घासायचा जुना ब्रश (जुना असं मला वाटलं होतं). बारा वाजता इंजिन असं निघालं की शेजारची जाईबाई बघायला आली आणि त्यात बघून तिनं कपाळावरची टिकली सरळ केली. मग हार घातला, नारळ फोडला, आरती केली. त्या दिवशी ह्या तालुक्यात एवढं स्वच्छ इंजिन दुसरं नसेल.

दसऱ्याला पहाटे रांगोळी काढायला गेले तर गाडीखाली परातीएवढं काळं तळं. रखमाजी मेस्त्रीला बोलावलं. तो गाडीखाली सरकला, पाय तेवढे बाहेर. मग खालून आवाज आला, "वहिनी, हिला घासली कुणी?" मी जरा ऐटीतच म्हटलं, मीच. पायांची बोटं एकदा ताठ झाली. "आवो, ती घाण न्हवती. ते पॅकिंग हुतं." वरच्या झाकणाचं आणि खालच्या तेलाच्या टाकीचं रबर केव्हाच वाळून तडकलं होतं म्हणे, आणि एवढी वर्षं तेल आत राहिलं ते निव्वळ तुमच्या आळसामुळं. बाहेर येऊन त्यानं हात पुसले आणि केंदूरच्या दिशेला तोंड करून तुम्हाला नमस्कार केला. म्हणाला, दादांनी धुतली असती तर सातव्या वर्षीच गेली असती.

एवढ्यावर भागलं असतं. पण हे कुरकुंभच्या कंपनीत मेंटेनन्सला, तेव्हा घरातली कुठलीही वस्तू बिघडली की ह्यांना उत्साह येतो. दौंडहून ह्यांनी एक बाटली आणली, इंजिन आतून धुवायची. बाहेरून मी धुतलं, आतून ह्यांनी. जे सील आतल्या गाळाला टेकून कसेबसे बसले होते तेही उठले. (हे वाक्य हे खोडतील. खोडलं तरी उजेडात धरून वाचावं.) त्यानंतर गळती वाटीवरून तांब्यावर गेली. मग ह्यांनी कंपनीतून लाल-पांढरी पट्टी आणून शेडाला चारी बाजूंनी बांधली, पाहुणे विचारायला लागले की घरात पोलीस येऊन गेले का. आणि रात्री जेवताना चौकशी बसली. कंपनीत काही सांडलं की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्याला मूळ कारण सापडतं म्हणे. तेल का गळलं? पॅकिंग गेलं. पॅकिंग का गेलं? घासलं. का घासलं? पूजा होती. पूजा का होती? खंडेनवमी होती. पाचवा 'का' विचारायला ह्यांनी तोंड उघडलं तर सासूबाई म्हणाल्या, "आता खंडेनवमी का असती ते बी इचारतूस व्हय? गप भाकर खा, मुडद्या." तरी कागदावर लिहिलंच : मूळ कारण, सारिका. उपाय, सारिकाला बॉनेटपासून दूर ठेवणे. तो कागद देवघराशेजारी चिकटवला आहे. रोज देवाला नमस्कार करताना अर्धा नमस्कार त्याला जातो.

मी माझ्या परीनं करायचं ते केलं. गाडीखाली जुनी परात ठेवली, सकाळी जमलेलं तेल मलमलीच्या फडक्यातून गाळलं आणि पुन्हा इंजिनात ओतलं. भज्यांचं तेल आपण गाळून ठेवतोच की. रखमाजीला हे कळल्यावर तो जमिनीवर बसला. ह्या भाऊबीजेला तुम्ही आलात तेव्हा गाडीवर ताडपत्री होती, ती दवापासून नव्हे, तुमच्यापासून. मधल्या काळात चक्कीसमोर आणि भैरवनाथाच्या देवळासमोर तेलाचे ठिपके दिसले. ह्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, रखमाजी ट्रायल घेतो. हे म्हणाले, रखमाजी देवळात कधीपासून जायला लागला?

गाडी तशी वाईट नाही. चढाला तिसऱ्यात ओढत नाही, पण दुसरा टाकला की मुकाट चढते, क्लच जरा वर लागतो, आणि रिव्हर्सला आधी पहिला टाकून मग मागं घेतला की कुरकुर करत नाही (असं हे म्हणतात). पण हे रोज पहाटे टॉर्च मारून शेडात बघतात आणि रोज गाडीखाली ताजा डाग असतोच. रखमाजी म्हणतो दोन पॅकिंगं आणि एक सील बदला, अजून दहा वर्षं पळेल. हे म्हणतात, म्हातारीला किती सलाईन लावायचं. (सासूबाई ह्यावर दोन दिवस बोलल्या नाहीत.) आता त्यांचंही म्हणणं आहे की गाडी विकावी. माझंही तेच. तेव्हा सह्या करून फॉर्म पाठवावा. वहिनींना नमस्कार.

आपली धाकटी बहीण,
सौ. सारिका

ता. क. दादा, आता हे पहिल्या पाळीला गेले. चौफुल्याहून कंपनीची बस सुटली असेल, म्हणून आता तुला 'तू' म्हणते. पत्र ह्यांनी वाचलं, बाटलीचं वाक्य खोडलं आणि समोर बसून डकवून घेतलं. मी कणकेच्या खळीनं डकवलं होतं, ती ओली असताना सुटते.

सही करू नको.

श्रावणात मी केडगावला एकवीस दिवस पारायणाला जात होते ना, ते पारायण नव्हतं. मोटार ड्रायव्हिंगचा क्लास होता. देवाच्या नावानं खोटं बोलले म्हणून रोज गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत हरिपाठ म्हटला. क्लासचा मास्तर पहिले चार दिवस घाबरला, त्याला वाटलं बाई शेवटचं म्हणतेय. पाचव्या दिवसापासून तोही मागून म्हणायला लागला. लायसन दसऱ्याच्या आठवड्यात आलं. ते जाईबाईच्या ज्वारीच्या डब्यात आहे. हे पाळीला गेले की मी चक्कीवर जाते, देवळात जाते, आणि सासूबाई मागच्या सीटवर असतात. गाडी विका म्हणणाऱ्या त्याच. लेकासमोर तोंडाला पदर लावतात, आणि पाटसच्या रस्त्याला लागलं की मागून माझ्या खांद्यावर चापटी मारतात, "दामट की गं, मागनं टॅक्टर येतोय." परवा त्यांना त्यांच्या बहिणीकडं नेलं. अकरा वर्षांनी भेटल्या. तिथं पोचल्या पोचल्या भांडल्या, पण भेटल्या.

मी बावीस वर्षं ह्यांच्या सुट्टीनं माहेरी आले दादा. सुट्टी नाही तर माहेर नाही, आणि एसटीनं यायचं तर तीन गाड्या बदलायच्या आणि पोचेस्तोवर परत निघायची वेळ. तू गाडी ओवाळणीत घातलीस तेव्हा तुला वाटलं ह्यांना दिलीस. ताटात तर माझ्याच पडली होती.

आता तेलाचं खरं ऐक. देवळासमोरच्या ठिपक्यांनी मी पकडली जाणार हे दिसल्यावर, ह्या भाऊबीजेला तू घातलेल्या ओवाळणीतून रखमाजीकडून दोन्ही पॅकिंगं आणि सील बदलून घेतलं. तेव्हापासून गाडीतून थेंब गळलेला नाही. तरी शेडात रोज ताजा डाग. मलाही कोडं पडलं. गेल्या गुरुवारी गाडी घेऊन दळण आणायला गेले, जाताना फरशी स्वतः पुसून गेले. परत येते तो फरशीवर ताजं तेल. गाडी तर माझ्याबरोबर चक्कीवर! मग खाली वाकून बघितलं. शेजारीच उभी ह्यांची लाडकी मोटारसायकल (हे बसनं जातात, ती घरीच असते), दर रविवारी स्वतःच्या हातानं पुसतात ती, तिच्या पोटातून टिपटिप चाललंय, आणि फरशीचा उतार गाडीकडं आहे. एवढा पाच वेळा 'का' विचारणारा माणूस, एकदाही शेजारी बघत नाही.

माझ्याकडं पुरावा आहे आणि तो मला दाखवता येत नाही. मोटारसायकल गळते म्हटलं तर हे पहिलाच 'का' विचारतील, की मग तेव्हा गाडी कुठं होती?

म्हणून तू एवढंच कर. उलट टपाली ह्यांच्या नावानं पत्र पाठव, तुझ्या अक्षरात, म्हणजे कुणाला नीट वाचता येणार नाही पण राग कळेल. लिही की भाऊबीजेची ओवाळणी भंगारात घालणाऱ्या घरी मी पाणी पिणार नाही. पाहुण्याच्या रागाला हे फार भितात. पुढं लिही की गाडीचा मालक कागदोपत्री मीच आहे आणि माझा हुकूम आहे की डाग नेमका कुठून येतो ते मोटारसायकल आठ दिवस गोठ्यात लावून बघावं. हे वाक्य दोनदा लिही. फोन मात्र रविवारपर्यंत बंद ठेव. फोनवर तू 'बघू' म्हणशील, हे त्यालाच होकार धरतील आणि भंगारवाला गाडी घेऊन जाईल. मी चंपाषष्ठीला केंदूरला येतेय, एकटी. एकटी म्हणजे सासूबाई आणि मी. वहिनींना भरीत-भाकरीची तयारी ठेवायला सांग. आणि तू आता ह्यात माघार घेतलीस तर ती अर्धी विडी मी कागदात बांधून ठेवली आहे.

ता. क. दुसरा. पाकिटाच्या कोपऱ्यावर तेलाचा डाग दिसेल. तो फोडणीचा नाही, ह्यांच्या मोटारसायकलचा आहे, मुद्दाम बोटानं लावलाय. सतरा वर्षं तू आपल्या गाडीचं तेल कपड्यांवर घेऊन हिंडलास, वास घेतल्यावर हे तिचं नाही हे तुला लगेच कळेल. पत्र मी स्वतः दौंडच्या मोठ्या पोस्टात टाकायला चालले आहे, सासूबाई केव्हाच्या गाडीत बसून हॉर्न वाजवतायत. उलट टपाली कळव. शनिवारच्या आत.