आईने घर पाडल्याबाबत

मौजे पळसघाट, तालुका गडचिरोली,
जिल्हा चांदा. कार्तिक, सन १९५८

श्रीमान नानाजी साडभाऊ यांच्या सेवेशी, मुखरूचा वाकून नमस्कार.

आपली व चंदाबाईंची प्रकृती उत्तम असेलच. नागपूरच्या कोर्टातल्या खुर्चीत माणूस आजारी पडत नाही, नुसता रुंद होतो, असे तुमची मेहुणी रंभा म्हणते. (सख्खी बहीण तिकडे दिल्यामुळे तिला असे म्हणण्याचा हक्क आहे. मी फक्त कळवण्याचे काम करतो.) इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. खुशाल म्हणजे जिवंत. मुक्काम नईमभाई कापडवाल्यांच्या दुकानामागच्या खोलीत. एका बाजूला धोतरांचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला आम्ही. नईमभाई भाडे घेत नाहीत आणि त्याबद्दल बोलूही देत नाहीत. आई मात्र आता-आतापर्यंत रोज सकाळी एकच गोष्ट विचारायची, घर कधी उभे राहते? तिचे म्हणणे साधे आहे. मरायला तिची ना नाही, पण मरण आपल्या आढ्याखाली यावे. परक्याच्या छपराखाली तिला डोळे मिटायचे नाहीत. नईमभाई परके नाहीत असे मी सांगतो, तर म्हणते, "नईम आपला हाय रे, पर छप्पर त्याचं हाय." हिच्यापुढे माझी मास्तरकी चालत नाही.

आता मूळ विषय. आमच्याकडे गुणवंतराव विमावाले आले ते तुमची चिठ्ठी घेऊन, हे तुम्ही विसरला असाल, मी विसरलेलो नाही. "माणूस आपला आहे, घराचा विमा उतरवून घ्या," असे तुम्ही लिहिले होते. माणूस आपलाच निघाला. आपल्या माणसाशिवाय असा गळा दुसरा कोण कापणार? त्यांनी आगीचा विमा दिला आणि वर पुराचे शेपूटही जोडून दिले. नदीकाठी आगीपेक्षा तेच कामाचे, असे ते स्वतःच म्हणाले. आईने विचारले, इमा म्हणजे काय जी? गुणवंतरावांनी सांगितले, घर पडले तर कंपनी बांधून देते. आई म्हणाली, मंग ते कंपनी मोठी पुण्यवान. गुणवंतरावांनी त्यावर चहा घेतला, पोहे घेतले आणि जाताना आमच्या वाडीतली पाच-सहा वांगीही घेतली. त्यानंतर ते या तालुक्यात कोणाला दिसले नाहीत.

श्रावणात वैनगंगा चढली. इथे एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यावरच उभा आहे. तुम्ही मूळचे जिवतीच्या डोंगरावरचे, तुम्हाला नदी म्हणजे उन्हाळ्यात वाळू आणि पावसाळ्यात आवाज. आमच्या घाटावर पावसाळाभर "पूर" हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. नाव घेतले की तिला वाटते आपल्याला हाक मारली, आणि ती येते. म्हणून आम्ही म्हणतो, माय आली. माय वाटेवर आहे, माय वाडीपावेतो आली, माय परतली. आणि उंबरठ्याशी आलीच, तर घरातली थोरली बाई तिची ओटी भरते. हळदकुंकू, मूठभर तांदूळ, खण. माहेरी आलेल्या बाईसारखी ती टेकते आणि निघून जाते. आमची आई लग्न होऊन आली तेव्हापासून ही ओटी भरत आली आहे आणि दर वेळी नदी उंबरठ्यावरून परत गेली आहे. शाळेत मी पोरांना "पूर" पुल्लिंगी आणि "नदी" स्त्रीलिंगी असे शिकवतो, पण तेसुद्धा दिवाळीनंतर. आईच्या तोंडी तर तो शब्द बारा महिने येत नाही.

या वर्षी ती परत गेली नाही. आईने ओटी भरली, खण वाहून गेला, आणि त्याच्या मागोमाग माय आत शिरली. आम्ही आईला उचलून शाळेच्या ओट्यावर नेले. गाय दाव्यालाच राहिली. ते दावे सोडायला कोणाला सुचले नाही याचे मला अजून वाईट वाटते. सकाळी पाहतो तर भिंतींचा चिखल, छपरावरच्या कवेलूंचा खच, आणि मधोमध सागवानी चौकट उंबरठ्यासकट ताठ उभी. कवाडसुद्धा शाबूत, कडीसुद्धा लावलेली. आता ही कडी कोणासाठी, हा प्रश्न मी चौकटीलाच विचारला. तेव्हापासून आई दिवसातून एकदा तिथे जायची. चारी बाजू मोकळ्या असूनही कडी काढायची, कवाड लोटायची, उजवा पाय आत टाकायची आणि मगच चिखलात बसायची. बाजूने गेलेले तिला खपत नसे.

कंपनीने पहिला साहेब पाठवला तो मुंबईचा. मराठी शून्य, हिंदी पाव शेर. नागभीडपर्यंत रेल्वेने, पुढे मोटारीने, शेवटी डोंग्यातून, असा तो आमच्याकडे पोचेपर्यंत अर्धा मेलेला होता. त्यात तो बाजूने घरात शिरला आणि आईने त्याला चौकटीतून पुन्हा यायला लावले. (तिथेच आमचा दावा निम्मा बुडाला असे नईमभाईंचे मत आहे.) नईमभाई दुभाषे. साहेबाने विचारले, घर कैसे गिरा? आई म्हणाली, "माय आली होती जी. उंबरठ्यापावतर आली, तिची ओटी भरली मी, तरी आयकली नाई. आत घुसली अन् घराले पोटात घेतलं." आता नईमभाईंचा जन्म याच घाटावरचा. त्यांच्या घरीही श्रावणात तो शब्द उच्चारत नाहीत. त्यांनी अगदी इमानाने हिंदी केले: माँ आई थी, दहलीज तक आई, मनाया तो भी नहीं मानी, अंदर घुसी, घर ले डूबी. साहेबाने मान हलवली आणि भराभर इंग्रजीत लिहून घेतले. आम्हाला वाटले, केवढा समजूतदार माणूस!

कंपनीचे इंग्रजी पत्र आले ते मी चांद्याला नेऊन अर्जनवीसाकडून वाचून घेतले. तो वाचता वाचता थांबला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा वाचले आणि मला विचारले, "मास्तर, तुमच्या आईचं अन् तुमचं पटत नाई काय?" पत्रात लिहिले होते की, घटनेच्या दिवशी विमेदाराची आई बाहेरगावाहून आली, तिची समजूत घालण्याचा प्रयत्न केला असता ती जबरीने आत शिरली, त्यानंतर घर पडले. कुटुंबातील व्यक्तीने केलेल्या नुकसानीस कंपनी बांधील नाही. सबब दावा नामंजूर. आणि खाली, सदर आईचा जबाब घ्यावयाचा असल्यास तिचा सध्याचा पत्ता कळवावा. साडभाऊ, माझी आई तुम्ही पाहिली आहे. उभी राहिली तर वाऱ्याने लुगड्यासकट हलते. तिने उभे घर पाडले! मी चांद्याच्या बाजारात भर उन्हात हसत सुटलो, आणि मोटारस्टँडवर येईपर्यंत ते हसू कुठे गेले ते कळले नाही. आईला सांगितले तर ती म्हणाली, कंपनीचं खोटं नाई, मायनंच पाडलं.

मी तक्रारीवर तक्रार केली. अखेर दुसरा साहेब आला, गडचिरोलीच्या डाकबंगल्यावर. हा पुण्याकडचा, बोलायला साखर. आईला बैलगाडीत घालून नेले. त्याने तिला खुर्ची दिली, ती खाली बसली. तो म्हणाला, "आजी, घाबरू नका. एवढंच सांगा, पूर आला होता ना?" आई म्हणाली, "माय आली होती जी." तो म्हणाला, हो, पण त्याला आम्ही काय म्हणतो? मी मध्ये बोलायला गेलो, तर तो म्हणाला, तुमचे बोलणे चालणार नाही, कारण पहिला जबाब आईचा, दुरुस्तीही आईनेच केली पाहिजे. मी आईला डोळ्यांनी खुणावले. रंभाने पाठीवर हात ठेवला. मी म्हणालो, "आई, म्हण ना वं एकडाव. घर उभं राहीन." तिने माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी खिडकीबाहेर पाहू लागलो. मग तिने पदर तोंडाशी धरला आणि त्याच्या आत तो शब्द म्हटला. साहेबाला ऐकू गेला नाही. त्याने पुन्हा म्हणायला लावला. तिने पदर काढून पुन्हा म्हटला.

येताना घाटावर तिने गाडी थांबवली. नदी आता किती सभ्य झाली आहे म्हणून सांगू, गुडघाभर पाणी, खाली गोटे दिसतात. आई काठावर बसली आणि पाण्याशी बोलू लागली. "लेकराच्या घरासाठी तुले भलतं बोलली वं माय. चारचौघांत बोलली." मी गाडीपाशी उभा होतो. मला आईची लाज वाटली नाही, माझी वाटली. त्या दिवसापासून ती चौकटीकडे गेलेली नाही. घर कधी उभे राहते, हेही विचारत नाही. पेज दिली तर दोन घोट घेते आणि भिंतीकडे तोंड करून पडते.

परवा कंपनीचे दुसरे पत्र आले, सोबत चेक. पूर आल्याचे आता मान्य आहे. परंतु भिंती मातीच्या होत्या, आणि पाण्यात माती विरघळणे हा मातीचा अंगचा गुण असल्याने त्याची भरपाई नाही. कवेलू जुनी, तीही वजा. गाय घरात मोडत नाही. एका वस्तूची मात्र पूर्ण किंमत त्यांनी उदार मनाने धरली आहे: सागवानी चौकट, कवाडासकट. म्हणजे जे पडले त्याचे काही नाही आणि जे उभे आहे तेवढ्याचे मिळाले. मी चौथीच्या पोरांना उदाहरणे घालतो, त्यांतही असा हिशेब कधी घातला नाही. उरलेल्या रकमेसाठी पुन्हा भांडावे, तुम्ही कोर्टातले, इंग्रजीत एक कडक नोटीस ठोकावी, एवढ्याचसाठी हे लांबलचक पत्र लिहायला घेतले होते.

रंभाचा चंदाबाईंना नमस्कार. लोभ आहे तसाच ठेवा, वाढवलात तर पुन्हा कोणा गुणवंतरावांना पाठवाल.

आपला,
मुखरू

ता.क. नोटीस ठोकू नका. वरचे सगळे लिहून झाल्यावर आईला वाचून दाखवले. ती इतक्या दिवसांनी उठून बसली आणि म्हणाली, त्या शबदाच्या पैशाचं घर मले नोको. तिथं मी मरणार नाई. चौकटीच्या मागे मी उद्यापासून तट्ट्याच्या भिंती बांधायला घेतो. नईमभाई बांबू देतात. वर गवत शाकारू. पण आई म्हणते, शब्द परत घेतल्याशिवाय मी उंबरठा ओलांडणार नाही.

ता.क. दुसरे. तेव्हा खरे काम हे. चेक सोबत पाठवतो आहे, तो कंपनीला परत करा आणि तुमच्या मशीनवर चांगल्या इंग्रजीत टाईप करून कळवा की आमच्या गावी पूर आला नव्हता. माय आली होती. पहिला जबाब खरा. टाईप झालेल्या कागदाची एक प्रत इकडे पाठवा, आईला घाटावर नेऊन वाचायची आहे. लवकर करा, साडभाऊ. ती फार दिवस थांबेल असे वाटत नाही.

ता.क. तिसरे. त्यांनी आईचा सध्याचा पत्ता मागितला होता. तोही लिहून टाका: गावाखालूनच वाहते, सध्या शांत आहे, जबाब द्यायचा झाला तर श्रावणात स्वतः येईल.