चौदाव्या टेबलावरचा प्रश्न माझ्याच कोपरावर विचारण्याबाबत

प्रति,
मा. अधिष्ठाता,
आरोग्यविज्ञान विद्याशाखा,
लूप रिव्हर विद्यापीठ, नेब्रास्का.

विषय: शरीररचनाशास्त्राची हुकलेली प्रात्यक्षिक परीक्षा अर्जदाराच्या उजव्या कोपरावर, शस्त्रक्रियेच्या वेळी घेण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: १) माझा दि. ५ नोव्हेंबरचा अर्ज (नामंजूर). २) माझा दि. ११ नोव्हेंबरचा अर्ज (उत्तर अप्राप्त). ३) विद्याशाखेची नियमपुस्तिका, नियम सात.

महोदया,

१. मी, एमेट स्वोबोदा, फिजिओथेरपीच्या सहा वर्षांच्या सलग अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाला आहे. शरीररचनाशास्त्रात पहिल्याच प्रयत्नात 'ब' श्रेणी न मिळाल्यास विद्यार्थ्याचे नाव अभ्यासक्रमातून कायमचे कमी होते, याची मला जाणीव आहे. याच सत्रात मी विद्यापीठाच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, म्हणून चाचणीवर होतो. चाचणीवरच्या मुलाला सराव सगळा करावा लागतो, पण संघाच्या यादीत त्याचे नाव नसते. पहाटे पाचला व्यायाम, आठपासून तास, दुपारी मैदान, संध्याकाळी शवविच्छेदन कक्ष, असा ऑगस्टपासून माझा दिवस होता. मैदानावर माझ्या अंगाला फॉर्मॅलिनचा वास येई आणि कक्षात माझ्या बुटांची माती सांडे, त्यामुळे दोन्हीकडची मंडळी माझ्यापासून जरा लांबच बसत.

२. शुक्रवार, दि. ८ नोव्हेंबर रोजी दुपारी एक वाजता प्रात्यक्षिक परीक्षा होती. नेमका त्याच वेळी संघाचा आपापसातला शेवटचा सामना होता आणि सुरुवातीच्या तीन डावांत चेंडू मी टाकायचे होते. परीक्षा पुढे ढकलून मिळावी म्हणून मी आपल्या कार्यालयात गेलो, तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी सांगितले, "संघातले असाल तर संघाचं पत्र आणा, नसाल तर परीक्षेला या. यात अवघड काय आहे?" प्रशिक्षक श्री. क्रुगर यांच्याकडे गेलो, तर ते म्हणाले, "यादीत नाव नाही त्याला पत्र कसलं देऊ, बाळा? शुक्रवारी फेक. नाव लागलं की हवी तेवढी पत्रं घेऊन जा." म्हणजे मैदानावर जाण्यासाठी पत्र हवे होते आणि पत्रासाठी आधी मैदानावर जाणे भाग होते. संदर्भ एकमधील अर्जात मी हे सविस्तर मांडले होते. तो 'अर्जदार खेळाडू नाही' एवढ्या शेऱ्यासह परत आला. माझी थोरली बहीण जोलीन फोनवर म्हणाली, "एम, बाबांना तुझं नाव रेडिओवर ऐकायचंय, मान्य. पण ते सामना लावतात आणि दुसऱ्या डावाला घोरायला लागतात. त्यांच्यासाठी वर्ष घालवू नकोस." तरीही मी मैदानावर गेलो. तो निर्णय माझा होता आणि त्याचा दोष मी कोणावरही ढकलत नाही.

३. तेविसाव्या चेंडूला माझ्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध (लिगामेंट) तुटला. आवाज मला ऐकू आला. तो कशाचा, हे मला लगेच कळले, कारण ऑक्टोबरमध्ये शव क्रमांक चौदाचा तोच अस्थिबंध मी स्वतःच्या हाताने मोकळा केला होता. कार्डावर 'स्त्री, वय ७९, शाळेच्या बसची चालक' एवढीच नोंद होती. तिचा तो अस्थिबंध करंगळीहून रुंद नव्हता. गुडघ्यावर बसता बसता मी त्याचे पूर्ण शास्त्रीय नाव मोठ्याने उच्चारले. झेल घेणारा ब्रॉडी हेल्म याने ते ऐकले व तसे लिहून दिले आहे, मात्र "मला वाटलं शिवी देतोय" हे वाक्यही त्याने त्यात ठेवले आहे. परीक्षेत प्रत्येक टेबलावर टाचणी टोचलेला भाग ओळखायचा असतो, आणि पुढे सहाध्यायांकडून समजले की चौदाव्या टेबलावरची टाचणी त्याच अस्थिबंधात टोचलेली होती. या एका प्रश्नाचे उत्तर मी परीक्षेच्या वेळेतच दिले होते, याची नोंद व्हावी.

४. संदर्भ दोनमधील अर्जाद्वारे शव क्रमांक चौदा तीन आठवडे थांबवून ठेवण्याची विनंती मी केली होती. ती मागे घेत आहे. या विषयाचे परीक्षक डॉ. ऑस्ट्रँडर यांनी मला वर्गाबाहेर थांबवून विचारले, "एमेट, त्या बाईंच्या घरचे दोन वर्षं वाट बघतायत. काय सांगू त्यांना? एका मुलाचा सामना होता म्हणून?" मला फार लाज वाटली. कक्ष आता बंद झाला आहे आणि सर्व देह आपापल्या घरी जात आहेत.

५. नियम सातनुसार फेरपरीक्षा 'मानवी देहावर, परीक्षकांसमक्ष, सत्र संपण्यापूर्वी' व्हावी लागते. देह मृत असावा असे नियमात कोठेही म्हटलेले नाही. माझ्या कोपराची शस्त्रक्रिया दि. ३ डिसेंबर रोजी आहे. फक्त हात बधिर करून ती करता येते व मी जागा राहू शकतो. शल्यचिकित्सक बाईंची हरकत नाही. त्या म्हणाल्या, "ये की. फक्त मला शिकवायला जाऊ नकोस." त्यांनी चिमट्याने दाखवावे, मी पडद्यावर पाहून मिनिटभरात नाव सांगावे व डॉ. ऑस्ट्रँडर यांनी गुण द्यावेत, अशी व्यवस्था सुचवतो. एक अवयव तुटलेल्या स्थितीत असला तरी तो ओळखण्याचे गुण कापू नयेत. चाळीसपैकी अकराच प्रश्न या भागात बसतात. उरलेल्यांसाठी माझ्या शरीराचा कोणताही भाग मी उपलब्ध करून देईन, मात्र तो उघडण्याचे कारण शल्यचिकित्सक बाईंना आपल्या कार्यालयाने पटवून द्यावे.

६. बेसबॉलबाबत माझी कोणतीही मागणी नाही. केवळ माहितीसाठी कळवतो की, सोमवारी, दि. ११ रोजी संघाची यादी दारावर लागली आणि तिच्यात एकतिसावे नाव माझे आहे. यादीखाली तारीख गुरुवारची, दि. ७ ची आहे. शेवटच्या सामन्याआधी यादी टाइप करून खणात ठेवायची आणि शेवटचा चेंडू पडेपर्यंत कोणाला काही सांगायचे नाही, ही श्री. क्रुगर यांची वीस वर्षांची पद्धत आहे. म्हणजे शुक्रवारी मी खेळाडू होतो. तसे पत्रही आता मिळाले आहे, पण त्यावर ११ तारीख असल्याने आपले कार्यालय ते घेत नाही. श्री. क्रुगर माझ्या खोलीवर आले होते. टोपी हातात घेऊन म्हणाले, "सांगितलं असतं, तर शुक्रवारी तू असा फेकला नसतास रे."

हे खरे आहे. मी परीक्षेला गेलो असतो.

तरी वरील विनंतीचा दि. ३ पूर्वी विचार व्हावा. त्यानंतर कोपर शिवले जाईल.

आपला, निदान या सत्रापुरता तरी, विद्यार्थी,
एमेट स्वोबोदा
दि. १४ नोव्हेंबर २०२४

सोबत: १) ब्रॉडी हेल्म याचे लेखी निवेदन. २) कोपराच्या स्कॅनची प्रत. ३) दि. ७ च्या यादीची प्रत. ४) न स्वीकारलेले पत्र.

टीप: सही डाव्या हाताने केली असल्याने आपल्याकडील नमुन्याशी जुळणार नाही.