अडीच लिटर आम्ल मूळ स्वरूपात जमा करण्याबाबत

प्रति,
मा. साठा पडताळणी अधिकारी,
शालेय साहित्य विभाग

विषय : सांडलेले आम्ल माफ करून मला निवृत्त होऊ देण्याबाबत.
संदर्भ : आपले पत्र दि. ४ नोव्हेंबर व त्याआधीची तीन स्मरणपत्रे.

महोदय,

एकतीस वर्षांच्या सेवेत मी प्रयोगशाळेतील कोणत्याही द्रवाचा एक थेंबही वाया जाऊ दिलेला नाही. अपवाद अडीच लिटरांचा आहे, आणि हा अर्ज त्याबद्दलच आहे.

१. मी प्रयोगशाळा सहायक. ३१ मे रोजी निवृत्त होणार होतो. कार्यभार चित्रकलेच्या सरांनी घ्यायचे ठरले. २८ मे रोजी बाटल्या मोजून देताना हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली फुटली. ती सरांच्या हातून सुटली की माझ्या, याबाबत दोन मते आहेत. सर बाकावर चढले. शिपाई मावशी दारातूनच ओरडल्या, "अहो, फरशी उकळतेय!" मी खिडक्या उघडून सुमारे चार किलो धुण्याचा सोडा थोडाथोडा टाकला आणि फसफस थांबल्यावर सगळे बादलीत भरले.

२. आम्ल आणि सोडा एकत्र आले की मीठ, पाणी व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे आठवीच्या पुस्तकात आहे. चौकशी समितीने मात्र मीठ (अंदाजे पावणेदोन किलो, ओले) स्वीकारले नाही. अध्यक्ष म्हणाले, "मीठ माझ्या घरीपण आहे. तुम्ही आम्ल दाखवा." वायू कोणाच्या परवानगीने बाहेर सोडला, याचाही खुलासा मागितला. खिडकी मीच उघडली होती, हे मान्य.

३. समितीने बादलीत लिटमस बुडवला. निळा निळाच राहिला, तांबडा तांबडाच. आम्ल व आम्लारी दोन्ही संपल्याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही. अहवालात "कागदाने प्रतिसाद दिला नाही" अशी नोंद असून नवे कागद मागवले आहेत. ते यायचे आहेत.

४. आम्लाच्या वाफेने कपाटाचे कुलूप गंजले, हा दुसरा ठपका. लोखंडाचे ऑक्सिडीकरण झाले, म्हणजे त्याने इलेक्ट्रॉन गमावले. ते साठा नोंदवहीत कधीच नव्हते. कृपया माझ्याकडून मागू नयेत.

५. आम्ल मूळ स्वरूपात जमा झाल्याशिवाय मला कार्यमुक्त करता येत नाही, असे आपण कळवले आहे. मी नवी बाटली आणून दिली होती. "ही ती नव्हे" असा शेरा घेऊन ती परत आली. तेव्हापासून रोज साडेदहाला येऊन बादलीशेजारी बसतो. पत्नी जूनमध्येच मुलीच्या बाळंतपणासाठी गेली. नात आता पालथी पडते. मी तिला फक्त फोटोत पाहिले आहे. पत्नी काल फोनवर म्हणाली, "ती बादली घेऊन या हवं तर, पण या एकदाचे."

तरी सदर आम्ल "हरवले" ऐवजी "उदासीन झाले" असे नोंदवून दोन ओळींचा आदेश द्यावा. बदललेले द्रव्य परत मागे नेण्याची सोय आमच्या प्रयोगशाळेत नाही. माझ्यातही आता उरलेली नाही.

आपला नम्र व अद्याप कार्यरत,
(सही)
प्रयोगशाळा सहायक
दि. १२ नोव्हेंबर

सोबत : मिठाची पुडी (नमुना), लिटमसचे दोन तुकडे.

ता. क. : कार्यभार घ्यायला चित्रकलेच्या सरांची आता हरकत नाही. विज्ञान शाखा विद्यार्थ्यांअभावी जूनपासून बंद आहे.