शपथ जावईबापूंना होती, मला नव्हती

विहीणबाईंना माझा वाकून नमस्कार (गुडघा वाकतो तेवढाच वाकले आहे, बाकीचा मनातून धरा).

तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? आजची गोळी घेतलीत का? नसेल घेतली तर पत्र खाली ठेवा, गोळी घ्या आणि मग पुढे वाचा. थट्टा करत नाही. तुमचे डोळे, तुमची कंबर आणि तुमच्या डोक्यावर वरच्या मजल्यावर पाय आपटत चालणारी ती बाई, सगळं ठीक असेल असं धरून चालते. एकेक विचारत बसले तर मूळ गोष्ट राहून जाईल. आमच्याकडे हे बरे आहेत. बरे म्हणजे माझ्याशी बोलतात. मधे अकरा दिवस बोलत नव्हते, त्याचं कारण पुढे येईल. फोन सोडून पत्र लिहिते, कारण फोनवर तुम्ही मधेच ‘अगंबाई’ म्हणता आणि माझा धागा तुटतो. कागद मधे बोलत नाही. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षराकडे बघू नका, मुद्द्याकडे बघा.

मुद्दा असा. लेक आणि जावईबापू आठ तारखेला येतात. आल्या आल्या ते शेडमध्ये जाऊन आपली लाल मोटरसायकल बघणार. ती जागेवर आहे, पण त्यांनी ठेवली होती तशी नाही. दिवे नाहीत, आरसे नाहीत, मागची सीट नाही, नंबरप्लेट नाही. ती आता रस्त्यावर नेता येत नाही. ती शर्यतीच्या ट्रॅकवर जाते. आणि तिच्यावर बसून मी जाते. (गोळी घेतलीत ना?) हे तुम्हाला त्यांच्या तोंडून कळलं तर तुम्ही माझ्याशी बोलणं टाकाल, आणि ते मला परवडणार नाही. लेक परदेशी, हे मुळात अबोल, मग रोज संध्याकाळी मी भांडायचं कोणाशी? तुमच्याशिवाय दुसरं माणूस नाही मला. म्हणून मीच आधी सांगते.

सुरुवात तुमच्या मुलानं केली, मी नाही. जाताना मला म्हणाले, ‘आई, दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेवा, नाहीतर बॅटरी मरेल.’ मी सांगकामी. दर रविवारी किल्ली फिरवून गाडीशेजारी स्टूल टाकून बसायची. दहा मिनिटं ती गुरगुरायची आणि मी सीटकव्हरांच्या शिलाया उसवायची. (माझं शिलाईचं दुकान शेडच्या पुढच्या भागातच आहे, तुम्ही पाहिलंय. गाड्यांच्या सीटा, सोफे, काय वाटेल ते शिवते.) चार महिने असं चाललं. मग समोरचा मेकॅनिक रस्ता ओलांडून आला. त्याला सगळे ‘हळूहळू’ म्हणतात, कारण तो दर वाक्याला तेच म्हणतो. मला पाहून म्हणाला, ‘ताई, उभी ठेवून तापवलेली गाडी खराब होते. फिरवा तिला. हळूहळू.’ आता वीस वर्षं मी स्कूटरवर सोफ्याची कुशनं बांधून गावभर पोचवली आहेत. फिरवायला मला काय? फिरवली. आणि विहीणबाई, खरं सांगते, पहिल्याच कोपऱ्यावर ती अशी वळली, जशी माझी कुठलीच गोष्ट आयुष्यात वळली नाही. ना नवरा, ना लेक.

आता तुम्ही म्हणाल, मुलाला शपथ घातली होती त्याचं काय? आठवते मला ती. तुम्ही तीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढलीत, मोडून आलेली पोरं पाहिलीत, आणि मुलगा ट्रॅकचं नाव काढायला लागला तेव्हा म्हणालात, ‘तिकडे पाऊल टाकलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील.’ गाडीही दारात नको म्हणालात, म्हणून ती लग्नानंतर आमच्या शेडमध्ये आली. तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. मी नर्स असते तर त्यांना सायकलसुद्धा दिली नसती. पण शपथ जावईबापूंना होती. मला कोणी काही घातलेलं नव्हतं.

आणि रस्ता तुम्हीच दाखवलात, तेही सांगते. मागच्या वर्षी तुम्ही कपाट आवरलंत आणि त्यांच्या जुन्या सामानाचा खोका पाठवून दिलात, ‘गाडीजवळ टाकून द्या’ म्हणून. त्यात एक वही होती. तुम्ही उघडून पाहिली नसणार. त्यात जावईबापूंनी लहान अक्षरात लिहून ठेवलंय, या गाडीला ट्रॅकसाठी काय काय करायचं, कुठल्या क्रमानं आणि का. आधी ब्रेक. मग टायर. मग मागची स्प्रिंग. इंजिनाला हात शेवटी, तोही लावला नाही तरी चालेल. पंचवीस पानं, चित्रांसकट. शेवटच्या पानावर एकच ओळ. ‘आईला चालणार नाही. बंद.’ खाली तारीख. कुरकुर नाही, एक वाकडा शब्द नाही. ते पान मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा अक्षर लागलं नाही म्हणून आणि दुसऱ्यांदा लागलं म्हणून. मग वही घेऊन रस्ता ओलांडला आणि हळूहळूला म्हटलं, कर सुरू.

पहिलं भांडण ब्रेकवरून. मला घाई. मी म्हटलं, मी जायला निघाले आहे, थांबायला नाही, आधी आवाज करणारा सायलेन्सर लाव. तो म्हणाला, ‘ज्याला थांबता येतं तोच जोरात जातो, ताई. वहीतही तेच आहे.’ वहीपुढे माझं काय चालणार! ब्रेकच्या रबरी नळ्या काढून जाळीच्या घातल्या, पॅड बदलले, तेल बदललं. मग मऊ टायर आले. मग स्प्रिंग. आणि इथे माझी अब्रू गेली.

त्याचं असं आहे की मागची स्प्रिंग माणसाच्या वजनावर मागवतात. तुम्ही बसलात की गाडी मागून दोन बोटं दबायला हवी, कमी नाही, जास्त नाही. हळूहळूनं वजन विचारलं. दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि आमचे हे चहा घेऊन आले होते. मी म्हटलं, बासष्ट. (लग्नात होतं. खोटं नाही, जुनं आहे.) ह्यांनी चहाचा घोट तसाच तोंडात धरला. बासष्टची स्प्रिंग आली. बसली. मी बसले. ती चार बोटं दबली. हळूहळूनं पट्टी लावली, पुसली, परत लावली. म्हणाला, स्प्रिंग बनवणाऱ्यांची चूक झालेली दिसते. मी म्हटलं, असेल, हल्ली कोणाचं कामात लक्षच नसतं. तशीच ट्रॅकवर नेली. प्रत्येक वळणावर गाडीची शेपूट खाली आणि नाक वर, वळायचं सोडून ती आपली बाहेर बाहेर चाललेली, आणि पाय ठेवायचा दांडा जमिनीवर खर्रकन घासतोय. परत आल्यावर हळूहळू स्प्रिंगवाल्यांना तक्रारीचं पत्र लिहायला बसला. बिचारे ते कुठले कोण, त्यांच्या पोटावर पाय नको म्हणून मी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि मुकाट्यानं भंगारवाल्याच्या काट्यावर जाऊन उभी राहिले. भंगारवाला सवयीनं ओरडला, ‘एकोणऐंशी! लोखंड का पितळ?’ त्या दिवसापासून हळूहळू मला काहीही विचारलं की दुसऱ्यांदा विचारतो.

आता कपड्यांचं. ट्रॅकवर अंगभर जाड कातड्याचा सूट लागतो, वरपासून खालपर्यंत एकसंध. विकत मिळतात ते सगळे कंबर नसलेल्या पोरांच्या मापाचे. मी म्हटलं, शिवणारी मी, आणि दुसऱ्याचं मापात न बसणारं घालू कशाला? कातडं मात्र अस्सल हवं, रेक्झिन चालत नाही. अस्सल कातडं घरात एकच होतं. तुम्ही घर बदललंत तेव्हा आम्हाला दिलेला चॉकलेटी सोफा. विहीणबाई, मी त्याची क्षमा मागत नाही, आभार मानते. असं कातडं हल्ली बघायला मिळत नाही. हे कामावरून आले, सवयीनं धपकन बसले आणि थेट स्प्रिंगांवर बसले. (तेच ते अकरा दिवस.) पण दुहेरी दोरा, तीन तीन शिवणी, कोपराला आणि गुडघ्याला सोफ्याचे हात लावले आहेत. ट्रॅकवरच्या तपासनिसानं शिवण दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि विचारलं कुठून शिवून घेतलात. मी म्हटलं, पत्ता देते, पण आधी आत सोड.

त्या पहिल्या खेपेला सोडलं नाही लगेच. आत सोडण्याआधी गाडी कसून तपासतात. तेलाचा बोल्ट बारीक तारेनं बांधलेला लागतो, निसटून तेल सांडू नये म्हणून. ती तार मी बांधली होती, बटण टाचते तशी, आणि त्यानं दोन माणसांना बोलावून दाखवली. माझी मान ताठ झाली. तेवढ्यात त्यानं पाण्याच्या टाकीत बोट बुडवलं आणि ते हिरवं निघालं. इंजिन थंड ठेवायला मी मुद्दाम नवं, चांगलं, हिरवं कूलंट भरलं होतं. ट्रॅकवर ते चालतच नाही. सांडलं तर मागचे सगळे घसरतात. नुसतं पाणी लागतं. वहीत लिहिलं होतं, अठराव्या पानावर, पण मला घाई होती आणि मी सतराव्यावर थांबले होते. मग काय, रांगेतच गाडी रिकामी केली, आणि आमचे हे, जे अकरा दिवस माझ्याशी बोलले नव्हते, ते न सांगता बादली घेऊन नळाकडे पळाले. तीन खेपा. तिसऱ्या खेपेला म्हणाले, ‘बास का अजून?’ बोलणं तिथून सुरू झालं.

पडले का? पडले, दुसऱ्या खेपेला. लपवत नाही, तुम्ही नर्स आहात, चालण्यावरून ओळखाल. तिथे शिकवणारे मास्तर आहेत, ते म्हणाले, गाडी तुमच्या नजरेमागे जाते, जिथे बघाल तिथे पोचाल, म्हणून वळणाच्या पलीकडे बघा. मी पलीकडे बघतच होते. पण पलीकडे टायरांच्या भिंतीमागे हे उभे, आणि छत्री उलटी धरलेली. मी बघितलं, हे काय करतायत. झालं! बत्तीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्याकडे इतकी सरळ कधी गेले नव्हते. वाळू होती, तिथे गाडी शांतपणे आडवी झाली आणि मी तिच्याशेजारी. कोपर टेकलं. तुमच्या सोफ्याला एक ओरखडा आला, मला एकही नाही. रुग्णवाहिकेतला माणूस धावत आला तेव्हा मी हेल्मेटच्या आतून ह्यांना छत्री सरळ धरायला सांगत होते.

पण त्याच दिवशी दुपारी, नव्या, एकोणऐंशीच्या खऱ्या स्प्रिंगवर, एक फेरी अशी लागली की काही म्हणजे काही चुकलं नाही. ब्रेक जिथे धरायचा तिथे धरला, गाडी बसली, वळली, उठली, गेली. त्या फेरीत मला वाटलं, हे सगळं कुणीतरी दहा वर्षांपूर्वी बसून विचार करून ठेवलंय, आणि त्याला स्वतःला त्यातलं काहीच मिळालं नाही. सगळं मला मिळालं. तुमच्या मुलाची अक्कल, तुमचा सोफा, तुम्ही पाठवलेली वही. एक्कावन्नाव्या वर्षी एवढं कोण कोणाला देतं? हे तोंडावर मला बोलता आलं नसतं. लगेच तुम्ही ‘अगंबाई’ म्हणाला असता आणि मी भांडायला लागले असते.

तेव्हा रागवायचं तर रागवा, पण फोन उचला. जावईबापूंनी नुसतं म्हटलं तरी दिवे, आरसे, सीट सगळं परत बसवून गाडी होती तशी करून देईन. एक स्क्रू हरवलेला नाही, डब्यात चिठ्ठ्या लावून ठेवलंय. परक्याच्या वस्तूचा मला मोह नाही.

तुमची,
विहीण

ता. क. शेवटचं वाक्य खोटं आहे. मोह आहे. हे जवळ बसून वाचत होते, म्हणून लिहिलं.

आणखी ता. क. हे उठून गेले. आता ज्यासाठी लिहायला बसले ते. विहीणबाई, ती शपथ मागे घ्या. तुम्ही वॉर्डात पाहिलेली पोरं रस्त्यावर पडलेली होती. रस्त्यावर बस आडवी येते, कुत्रं आडवं येतं, फोनवर बोलणारा आडवा येतो. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेनं जातात, आणि पडलंच कोणी तर रुग्णवाहिका आधीपासून उभी. धोका नाही असं म्हणणार नाही, पडून आलेय मी. पण ज्या मुलानं ‘बंद’ लिहिल्यावर दहा वर्षं वही उघडली नाही, तो वेड्यासारखा चालवणार नाही. तुमच्या शब्दाखातर थांबलाय, तुमच्या शब्दावरच सुटेल. माझ्या सांगण्यानं तो सुटणार नाही, आणि सुटूही नये.

शेवटचा ता. क. शपथ फोनवरच सोडवा, पत्रात वेळ घालवू नका. चौदा तारखेला ट्रॅक आहे आणि मी दोघांची नावं आधीच घातली आहेत. एकच गाडी आळीपाळीनं, मधे हळूहळू स्प्रिंग आवळून-सैल करून देणार आहे. जावईबापूंचं खरं वजन तेवढं कळवा, त्यांना विचारू नका, तुमच्या अंदाजानं सांगा. ते नवशिक्यांच्या गटात आहेत, तेव्हा अजिबात काळजी करू नका. मी त्या गटात नाही, मला गेल्या खेपेलाच वर चढवलं.