हॉर्न नसलेली गाडी

ती. अण्णांना, त्यांच्या ट्रकच्या क्लीनरचा, म्हणजे थोरल्या लेकीचा नमस्कार.

पत्र वाचून होईपर्यंत तुमचा जीव टांगणीला नको, म्हणून आधीच सांगते: मोटार शर्यतीचं लायसन्स मिळालं! मी या देशाची नागरिक नाही, म्हणून आपल्याकडच्या मोटार शर्यत संघटनेचं ना-हरकत पत्र लागलं. ते यायला तीन महिने गेले आणि परीक्षा वीस मिनिटांत आटोपली. नोकरी सुरूच आहे. हा नुसता सुटीच्या दिवसाचा हौशी कारभार.

परीक्षेत फजिती झाली. प्रत्येक वळणाआधी माझा अंगठा आपोआप स्टिअरिंगच्या मधोमध जायचा. शेजारच्या परीक्षकबाईंनी विचारलं, "काय शोधतेयस?"

"हॉर्न."

शर्यतीच्या गाडीला हॉर्नच नसतो, अण्णा! मी ओशाळून म्हटलं, "वडिलांची शिकवण. एकतीस वर्षं ट्रक चालवला, कुणाला साधा धक्का लागला नाही."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वळणापलीकडे कुणीतरी असेल, हे बाकीच्यांना शिकवता शिकवता मी थकते."

तुमची कंबर कशी आहे? आईला जिना चढताना अजून दम लागतो का?

अर्जात विचारलं होतं, अपघात झाल्यास कुणाला कळवायचं? आईचा नंबर लिहायला हात धजेना. तुमचा दिलाय. तिला एवढ्यात काही सांगू नका.

पहिली शर्यत येत्या रविवारी. फोन खिशातच ठेवा. संध्याकाळी वाजला की घाबरू नका, आधी नंबर बघा. माझाच असेल.

तुमची,
क्लीनर